डागी टॉवेल

चैत्रातली नवमी. साखर पेठेतल्या आमच्या बोळात
अकरालाच पत्रे तापून टकटक वाजायला लागतात.
कारखाना चालूच.
शेठनं हाताची पाच बोटं दाखवलीत:
बाराला पाच मिनिटं बंद.
मागांच्या आवाजात इथं सगळे बोटांनीच बोलतात.

आई मांडीवरचं सूप खाली ठेवते.
सातशे विड्या झाल्यात, उरलेल्या तीनशे रात्री.
लिंबाच्या सालीनं हात घासते, राखेनं घासते,
तंबाखू काही जात नाही.
त्याच हातांनी गूळ फोडते, मिरी कुटते,
घागरभर पानकम् करते.
सुतारांची विमल वाटीत सुंठवडा आणते,
हिरेमठांची गौरक्का कोसंबरी.
आमच्यात वडपप्पू म्हणतात.
भिजलेली मूगडाळ तीच.

कारखान्याच्या गर्डरला पाळणा टांगलाय,
चादरींच्या कापलेल्या काठांचा पीळ करून.
आत नारळ. त्याला टोपडं आहे,
गुंडाळायला काही नाही, खण आणायचा राहिला.
दासरी मल्लेशम मागाखाली वाकतो,
गुलाबी टॉवेल काढतो,
मधोमध धागा तुटून रेघ पडलेला.
"डागी आहे की हा," पुजारी कुरकुरतो.
"पगारातनं कापलेत पैसे शनिवारी.
आता माझाच आहे."
यावर पुजाऱ्याला काही सुचत नाही.

मग माग थांबायला लागतात.
पहिला थांबतो ते कळतही नाही.
सातवा, आठवा. कोपऱ्यातला जुना माग
दोनदा खोकतो आणि गप्प होतो.
कानांत एकदम इतकी जागा होते
की बोळातला नळ ठिबकताना ऐकू येतो,
आणि आपलाच श्वास, परक्यासारखा.

त्या शांततेनं दचकून
दोन मागांच्या मध्ये बांधलेल्या झोळीत
मल्लेशमची दीड महिन्याची नात जागी होते.
या खडखडाटातच झोपायची सवय तिला.
असं रडते, असं रडते
की पाळण्याची दोरी हातात धरलेल्या बायका
गाणंच विसरतात.
कांड्या भरणारी नरसव्वा ओरडते, "पुट्टिंदि!"
मुलगी झाली.
देवाला असं म्हणत नाहीत, पुट्टिंडु म्हणतात,
कुणीतरी सांगतं तिला.
नरसव्वा गुलाल उधळते. शब्द बदलत नाही.

पाच मिनिटांची आठ झाली.
शेठ घड्याळ बघतो, पानकम् पितो,
पुन्हा घड्याळ बघतो.
माग सुरू झाले तशी पोर झोपली.
नारळ फुटला, तुकडा तुकडा वाटला.
टॉवेल मल्लेशमच्या खांद्यावर,
गुलाल लागून ती रेघ आता जास्तच दिसते.

दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये
चेकरनं आईच्या विड्यांतून मूठभर छाट काढली.
एक नाकाशी धरली.
"सुंठीचा वास येतोय की याला, बाई."
आई म्हणाली, "येणारच."