नववा अर्थ

शनिवारी अकराला दहा कमी असताना
हिल्का रेडिओची काडी खिडकीकडे वळवते.
आवाज जंगलाला वळसा घालून येतो, त्याच एका कोनातून;
बोटभर चुकलं की रशियातलं हवामान ऐकू येतं.

सुओमुस्साल्मीच्या पुढे चाळीस किलोमीटर,
पेट्रोल पंप, त्याला चिकटून चार टेबलांची खानावळ.
बाहेर उणे सव्वीस.
रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ताउनो
इंजिन चालूच ठेवून आत आलाय
(बंद केलं तर ते सोमवारपर्यंत रुसतं),
पोस्टातून निवृत्त झालेली सेल्मा आलीय,
आणि नुर्मेला नवराबायको,
जे आठवड्यातून हा अर्धा तासच एकमेकांशी बोलतात,
तेही उत्तरं.

आर्वो असता तर त्याने पेन्सिल कानावर खोचली असती.
कोड्याला त्यांच्या भाषेत आर्वोइतुस म्हणतात.
तो म्हणायचा, बघा, पहिली दोन अक्षरं माझी,
मला वगळून सोडवून दाखवा.

लेम्पी हौतालाचा आवाज, रायच्या पावाची कड:
"आज दोनच शब्द. कूऽसी पलाऽ.
अर्थ किती?"

कायानीच्या एका मास्तरांनी पाच सांगितले आणि दमले.
एकोणीस वर्षं जो नंबर व्यस्त लागायचा
तो आज हिल्काला लागला.
तिच्या एका हातात फोन, दुसऱ्यात सुरी,
समोर नीलबेरीचा पाय, नुकताच भट्टीतून काढलेला.

"स्प्रूस जळतोय," ती म्हणाली.
"स्प्रूस परत येतोय."
ताउनो हसला, झाड कुठून परत येणार?
तिने फोनवर तळवा ठेवला:
नाताळात माझ्या कुंपणातून नेलंस ना, ते.

"सहाजण जळतायत. सहाजण परततायत.
सहाचा आकडा जळतोय, नुसता आकडा, माणसं नाहीत.
आकडा परत येतोय."
सेल्मा बोटं मोजत होती, एका हाताची संपली होती.

"तुझा चंद्र जळतोय."
मग ती थांबली. सुरी चालत राहिली.
"तुझा चंद्र परत येतोय."

आपल्याकडे जळणं आणि वळणं यांच्यामध्ये
निदान एका अक्षराचं कुंपण आहे.
तिथे तेही नाही.
पेटलं की परतलं,
ते ऐकणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं.

"आठ," लेम्पी म्हणाली. "अजून एक आहे.
वीस सेकंद."

वीस सेकंद रेडिओवर घड्याळ वाजलं.
नुर्मेलाबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं, कधी नव्हे ते.
बाहेर इंजिन घुरघुरत होतं.
हिल्का छताकडे बघत होती, जिथे काहीही लिहिलेलं नव्हतं,
आणि हात आपला आपण, वर्षानुवर्षांच्या सवयीने,
आडवा, तिरपा, पुन्हा तिरपा.

"वेळ संपली, हिल्का. सगळ्यात सोपा राहिला.
सहा तुकडे."

सगळ्यांनी ताटाकडे पाहिलं.
मग एकमेकांकडे.
मोजायला कोणालाच बोटं लागली नाहीत.

"हो का," हिल्का फोनमध्ये म्हणाली,
"आत्ताच कापले."
लेम्पी खळखळून हसली. हेलसिंकीपर्यंत
लोक हसले असतील, गाड्यांत, स्वयंपाकघरांत,
तिच्या हजरजबाबीपणाला.
समाधानासाठी एक मग पोस्टाने येईल म्हणाले.
तीन आठवड्यांनी आला, कान तुटलेला.

कळतं पण वळत नाही, असं आपण म्हणतो,
ते अगदी दुसऱ्याच गोष्टींसाठी.

पाय निवत होता.
सेल्माने बशा मांडल्या, पाच.
ताउनोने दोन तुकडे खाल्ले, उभ्यानेच,
पाठ फिरवून,
आणि हातमोजे विसरून बर्फ ढकलायला गेला.