पिवळी कणी

लाइट गेली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवला.
बाहेर मोहाच्या सावलीत दोन सायकली, एक बकरी,
आणि तिची जाऊ, डबा मांडीवर घेऊन.
आत काचेवर पंचफुला नेवारे, वय एक्केचाळीस,
जांभळी होऊन पसरलेली.

रजिस्टरात होतं: ओटीपोटात गाठ, पुढे प्रश्नचिन्ह.
डॉक्टरांचं प्रश्नचिन्ह
एसटीनं गावात पोचेपर्यंत पूर्णविराम होतं.
सासूनं तिच्या ताटाला खिळ्यानं खूणही केली होती.

आम्ही शोधतो ते रोजचे.
नवऱ्यानं आणलेला परमा.
क्षयाचे लाल दांडे.
ते नव्हतेच.
होते ते धागे, फुटव्यांवर फुटवे,
धुऱ्यावरच्या हरळीसारखे.
बुरशी वाटली मला. बुरशी नव्हे,
जंतूच, पण मुळांची हौस असलेला.
एरवी तोंडात राहतो, दातांच्या फटीत, गुमान,
तुमच्या, माझ्या.

तो इतका खाली कसा रुजला,
ते तिनंच सांगितलं, दाराला टेकून:
"तांबी बसवली होती ना बाई,
तिसरी पोरगी झाली त्या साली.
शाळेत शिबिर होतं, चौथीच्या वर्गात.
फळ्यावर गुणाकार लिहून होता."
काढायची कधी, ते नाही सांगितलं?
"कार्ड देल्लं होतं. उंदरानं खाल्लं.
दुखे, तं मले वाटे, बाईच्या जातीले दुखतेच."

सतरा वर्षं.
मोठी पोरगी आता स्वतः बाळंत.

पुवात बारीक पिवळी कणी होती,
दोन काचांमध्ये दाबली की करकरणारी.
पुस्तकात तिला गंधकाचे कण म्हणतात.
गंधक त्यात नसतो.
मला तूर भरडल्यावर उरते ती चुनी आठवली,
आणि मग त्या दिवशी डबा उघडवला नाही.

मोठ्या दवाखान्याचा कागद यायला पंधरा दिवस.
हा जंतू सावकाश वाढतो, हवा त्याला सोसत नाही.
औषध साधंच, जुनं पेनिसिलिन,
पण महिनोन्‌महिने.
"तवापर्यंत ते कणीच द्या ना मले," ती म्हणाली,
"सासूले दाखवतो."

कणी देता येत नाही.
मी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, मोठ्या अक्षरात:
ताट वेगळं ठेवायचं काही कारण नाही.
आणि खाली दवाखान्याचा गोल शिक्का मारला,
जो मारायचा अधिकार मला नव्हता.