सालीखालचे

नेत्रावळीच्या कुळागरात, पाटाच्या कडेने
तोरिंगाची अकरा झाडं.
सगुण वेळीप कोयतीचं टोक
सालीच्या भेगेत हलकेच सरकवतो,
खपली सुटते,
आणि झोपलेल्या वाड्यावर उजेड पडतो.

चपटे, तांबूस, तिळाएवढे. काही तिळाहून बारीक.
इतके चपटे की पाठ कुठली, पोट कुठलं.
धावाधाव करतात,
मग सालीच्या उरलेल्या काठाखाली
एकमेकांवर चढून गप्प.

मी भिंग धरतो. कुपी, स्पिरिट,
पेन्सिलीची चिठ्ठी: झाड क्रमांक सात, उत्तर बाजू.

‘हेच काय झाड खातात?’
नाही. पोखरणारा वेगळा,
त्याचा भुसा बुंध्याशी सांडतो.
हे मेलेल्या सालीखाली राहतात,
बुरशी चाटतात, झाडाचं काही घेत नाहीत.

‘म्हणजे मुंडकार,’ सगुण म्हणतो.

त्याच्या घराची फाईल मामलेदाराकडे,
भाटकार लिस्बनला, एकोणीस वर्षं तारखा.
हे तो सांगत नाही,
मला सकाळी चहाच्या गाड्यावर कळलंय.

माटोळीसाठी राखलेलं एक तोरिंग
वर पानांत हिरवंगार लोंबतंय.
तो खपली उचलतो,
होती तशी जागेवर बसवतो,
केळीच्या सोपटाने दोन वेढे देऊन बांधतो,
गाठ मारताना ओठ दाबून.

कुपीत तिघे. बूच घट्ट.
चिठ्ठीवर एक रकाना अजून कोरा: अधिवास.
मी पेन्सिलीचं टोक जिभेला लावतो.
कडू.
सालीचा चीक, बोटांवरून आलेला.