तीन किल्ल्यांची पेटी

डोंगर रात्री खाली आला.
सकाळी आम्ही त्याच्याच पाठीवर उभे होतो
आणि पायाखाली कुठेतरी नामसोंगा गाव होतं,
शाळेची घंटा, मक्याची कणगी,
एनेलेसीची तूर, अंगणात वाळत घातलेली.

संस्था म्हणजे तेव्हा मी,
एक सायकल, सत्तावीस ताडपत्र्या
आणि एक शंभरपानी वही.
घरं होती एकशे चाळीस.
हा भागाकार ब्लँटायरच्या कॉलेजात
कुणी शिकवला नव्हता.
मी नावं लिहीत गेलो. तेवढंच येत होतं.
नाव. घरातली माणसं. उरलेली माणसं.
तिसऱ्या रकान्यापाशी बायका थांबायच्या
आणि मी पेन्सिलीला उगाच टोक काढत बसायचो.

एनेलेसी म्हणाली, ताडपत्री नको, बी दे.
म्हटलं, बी नाही.
मग पैसे दे.
म्हटलं, पैसेही नाहीत.
मग आलास कशाला रे बाबा?
आणि हसली.
चिखलानंतर गावातलं ते पहिलं हसू,
आणि ते मला हसलेलं.

त्या दुपारी आंब्याखाली अकरा बायका बसल्या.
एकेकीनं चितेंजेच्या सोग्याची गाठ सोडली:
पन्नास क्वाचा, वीस क्वाचा,
एकीकडे नुसतं अंडं.
अंडंही लिहिलं.
लोहारानं उडालेल्या छपराच्या पत्र्याची पेटी ठोकून दिली.
तीन कुलपं, तीन किल्ल्या, तीन घरं.
एकटीला उघडता येऊ नये,
एकटीला मिटताही येऊ नये.

पुढचं अहवालात आहे.
एकीच्या नऊ पेट्या झाल्या, नवांच्या तीनशे.
सायकलीची जीप झाली, वहीचा संगणक झाला,
झोम्ब्यात दुमजली कार्यालय, फाटकावर रखवालदार,
भिंतीवर एनेलेसीचा फोटो,
तिला न विचारता लावलेला.
पाहुणे आले की आम्ही शब्द वाढायचो:
सक्षमीकरण, लाभार्थी, उद्दिष्टपूर्ती.
एकानं तिला विचारलं, संस्थेनं तुम्हाला काय दिलं?
मी दुभाषा, घसा खाकरला,
तोवर तिनं त्याच्या ताटात
न्सिमाचा आणखी एक गोळा टाकला.
याचं काय भाषांतर करू?
जेवा, म्हणालो.

अहवालात नाही ते हे:
फेलिस्टा एक किल्ली कमरेला लावून
सीमेपलीकडे नवऱ्यामागे निघून गेली.
दोन महिने ती पेटी
आजारी माणसासारखी कोपऱ्यात पडून होती.
शेवटी लोहारानंच फोडली.
एक क्वाचा कमी नव्हता.
तरी त्या बायका वर्षभर एकमेकींशी नीट बोलल्या नाहीत.

आणि मग यंदा शिरे नदी फुगली,
खालच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं झाडांवर चढली.
आमच्याकडे मंजुरी यायची होती.
मंजुरीवर सही व्हायची होती.
सही करणारा सुट्टीवर होता.
तिसऱ्या दिवशी फाटकाशी ट्रक थांबला,
वर तुरीची पोती, पोत्यांवर नामसोंग्याच्या बायका.
रखवालदारानं विचारलं, कुणाला भेटायचंय?
एनेलेसी माझ्या टेबलाशी आली,
फोटोकडे बघून म्हणाली, नाक मोठं आलंय,
आणि स्वतःची वही उघडली.
कर्जदार, तिनं लिहिलं, आणि पुढं आमच्या संस्थेचं नाव.
व्याज सगळ्यांना तेच.
उशीर झाला तर दंड.
इथं सही कर.

पुराच्या कडेला मी ताडपत्र्या मोजत होतो.
ती नावं लिहीत होती, जाड अक्षरात,
दोन रकाने सरसर.
तिसऱ्यापाशी एक पोरसवदा बाई थांबली.
एनेलेसीनं टोक काढलं नाही.
वही मिटली,
आणि तिच्या शेजारी चिखलात फतकल मारून बसली.
किती वेळ, ते कुठल्याच वहीत नाही.

ताडपत्र्या तीनशे बारा भरल्या.
मी पुन्हा मोजायला लागलो.