दरमहा साठ लारी

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठी,
पांढऱ्या पुलापासून सातव्या दुकानात
मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्सियालामावशींनी
हात पिठात तसेच ठेवून विचारलं,
"म्हणजे प्रोग्रॅम फुकट?"
फुकट.
"लायसन्स?"
नाही. हवं तर आतून उघडून बघा, बदला, शेजारणीला द्या.
"मग साठ लारी कशाचे?"

मी बॅगेतून छापील कागद काढला.
त्यावर मेहुण्यानं काढलेला पेंग्विन होता,
दिसायचा बदकासारखा.
मावशींनी कागद घेतला
आणि भट्टीतला गरम पाव त्यावर टेकवला.

माझ्याआधी तिबिलिसीहून एक जण यायचा,
कुलूप विकायचा आणि किल्ली भाड्यानं द्यायचा.
माझ्याकडे कुलूपच नाही, मी म्हणालो, जरा ऐटीतच.
"मग तुला धरून राहायचं ते कशानं?"
मला वाटलं, थट्टा करताहेत.

त्या हिवाळ्यात वीज तीनदा गेली.
पावतीचं यंत्र आमच्या वळणदार अक्षरांऐवजी
चौकोन छापू लागलं.
चौकोनी पाव, चौकोनी उधारी,
नुगझार मास्तर अख्खे चार चौकोन.
रात्री दोनला भट्टीच्या उबेला पाठ लावून
मी ओळीमागून ओळ उलगडत बसलो.
एका जुन्या फाइलीच्या तळाशी सापडलं,
नऊ वर्षांपूर्वीचं. नाव नाही, गाव नाही.
"आईच्या दुकानासाठी केलं. लागलं तर घ्या."
घेतलं.

सकाळी मावशींनी साठ लारी मोजले, वर दोन पाव.
एक पाव त्या माणसाचा, असं मनात धरून
पुलावर पोचेपर्यंत तोही मीच खाल्ला.

पुढच्या वर्षी काहीच बिघडलं नाही.
म्हणजे, बिघडू दिलं नाही.
डिस्क मरायच्या आठवडाभर आधी बदलली.
रात्रीचा बॅकअप मुलाच्या कपाळाला हात लावावा तसा तपासला.
आणि एका वहीत सगळं लिहून काढलं,
कुठली वायर कुठं जाते, काय बंद पडलं की आधी काय चालू करायचं,
मी उद्या मिनीबसखाली आलो
तरी दुकान चालावं म्हणून.

ऑगस्टात त्यांनी मला बसवून कॉफी पाजली.
"वर्षभर काही झालं नाही, बाबा.
मग तू करतोस तरी काय?"

खरं सांगतो, परतताना पुलावर मनात आलं:
एखादी बारीकशी ओळ. एखादा स्क्रू सैल.
फार नाही, शनिवारच्या गर्दीपुरतं.
नाही केलं.
सज्जन आहे म्हणून नव्हे;
वहीत लिहावं लागलं असतं.

आता फेब्रुवारी. काल फोन आला,
मावशींची भाची, केतेवान.
वही वाचून तिनं यंत्र दुरुस्त केलं म्हणे, दोनदा.
आता पलीकडचा बटणांचा दुकानदार तिला बोलावतोय.
"किती सांगू?"
साठ.
"कशाचे, विचारलं तर?"
मी जरा थांबलो. म्हणालो,
ते तुलाही सांगता येणार नाही. पण वही लिही.
"वही होती म्हणून तर तुम्हाला बंद केलं आम्ही."
माहीत आहे.
फोनमधून भट्टीच्या भिंतीला कणीक थापल्याचा आवाज आला,
एक, मग दुसरा.
"तरी लिहू?"