पीळ

रात्रीचे दोन दहा. मिलवॉकी. बाहेर उणे एकोणीस.
पाकू शिओंग, वय अकरा, खुर्ची सोडून
खुर्चीच्या पायाशी उकिडवी, उजवी कूस दाबून.
आई हमोंगमध्ये सांगते, फोनमधला दुभाषी सांगतो,
त्या दोघांच्या आधी ओकारीची पिशवी सांगून मोकळी होते.

सुई माझ्या हातात आहेच.
डॉक्टरांची सहीही कागदावर आधीच छापलेली:
मुलगी, कळ, उलटी, तर दारातच सलाईन.
चौतीस किलोचं पोर, सहाशे ऐंशी मिलिलिटर,
पिशवी दाबून, धावतं.

कारण पोटात डोकवायला खिडकी लागते
आणि ती खिडकी पाण्याची असते.
मूत्राशय तट्ट फुगलं की आतडी बाजूला सरतात,
मागचं दिसतं: बदामाएवढं असायला हवं ते
लिंबाएवढं होऊन
स्वतःच्याच देठाभोवती फिरलेलं.

आधी आम्ही पाजायचो.
कागदी पेले. पी बाळा, अजून एक घोट.
त्या प्यायच्या, ओकायच्या. घड्याळ तेवढं सगळं पचवायचं.
गेल्या मार्चमधली ती, नखांना हिरवा रंग लावलेली,
तीन तास पन्नास मिनिटं.
पेले मीच भरत होते.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
तिचा पीळ गेला, सर्जननं दोन बोटांनी सोडवला,
सुंभच उरला नव्हता.

दर दहा मिनिटांनी पाकूच्या ओटीपोटावर
ते गार यंत्र टेकवते. चाळीस. नव्वद. एकशे साठ.
"जाऊ?"
नको, थांब.
हे थांब म्हणणं मला अजून नीट जमत नाही.
दोनशे दहा. वेंडेल म्हणतो, पुरे, आण.
पूर्वी तीनशेसाठी अडून बसायचो;
तीनशे कोणी ठरवलं, कुणालाच आठवत नाही.

अंधारी खोली. जेल कोमट करून ठेवलेलं.
पडद्यावर डावीकडे लाल-निळं लुकलुकतं,
उजवीकडे नुसतं करडं.
वेंडेल काही बोलत नाही, त्यानं बोलायचं नसतं,
पण त्याचा हात फोनकडे जातो.

तीन वाजून दोन मिनिटं.
"आता जाऊ?"
जा गं.
सलाईनचा खांब ढकलत, वाकून, ती जाते
आणि दाराबाहेर आम्ही तिघं,
आई, मी, स्ट्रेचर घेऊन आलेला पोऱ्या,
ऐकत उभे राहतो.
किती वेळ. संपतच नाही.
आईला हसू फुटतं.
फोनमधला दुभाषी विचारत राहतो,
काय झालं? काय झालं?