चौथं कडवं

हे गाणं कुणाचं, विचाराल तर
छापील वहीत "पारंपरिक" एवढंच आहे.

पारंपरिक म्हणजे
केतुरा बॅगशॉ, वय एक्याऐंशी,
डाव्या कानानं बहिरी,
डार्बीशायरच्या डोंगरात शिशाच्या खाणी मिटल्यावर
जे काय उरलं त्यातली एक.

एकोणीसशे सातचा डिसेंबर.
वर्कहाऊसच्या धुणीघरात ती चादरी पिळत होती
तेव्हा भिंतीला सायकल टेकवून
ऑर्पवुडसाहेब आत आले.
वहीत पाच पाच रेघा आधीच आखलेल्या,
खिशात तिच्यासाठी तंबाखूची पुडी.
ख्रिसमसचं काही येतं का, जुनं?
ती म्हणाली, मला जुनंच येतं.

पहिल्या कडव्यात बर्फ आणि वाट,
दुसऱ्यात मेंढपाळ, तिसऱ्यात तारा.
आणि सूर एके ठिकाणी एकदम खाली जायचा,
शाफ्टमध्ये उतरताना शिडीची एक पायरीच नसावी तसा.
साहेबांनी तेवढं तीनदा म्हणून घेतलं.
चुकतंय का काही?
बाबा असंच गायचे, ती म्हणाली,
चर्चच्या सज्जात, चेलो गुडघ्यांत धरून.
मग नवा पाद्री आला. मग ऑर्गन आला.
सज्जातली माणसं चेलोसकट रस्त्यावर,
आणि रस्त्यावरून 'निळा एडका' कितीसा लांब!
तेव्हापासून गाणं गुत्त्यातच राहतं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं
तशी ती म्हणाली, अजून एक आहे.
ते आईचं. आई सुईण होती.

   गोठ्यात दिवा धरला कुणी,
   कुणी तापवलं पाणी?
   राजे आले ते नंतर आले,
   नाळ कापली कोणी?

नाही, या ओळी माझ्या.
खऱ्या कुणालाच ठाऊक नाहीत.
वहीत त्या पानावर शाईचा एक ठिपका आहे,
आणि बारीक अक्षरात, पेन्सिलीनं:
"चौथे, सुईणीचे. अयोग्य."
खाली तंबाखूचा खर्च, चार पेन्स.

केतुरा मार्चमध्ये गेली.
नाळ तिथं तुटली म्हणायची.

आता कॅथीड्रलमध्ये मुलं पांढऱ्या झग्यांत
मेणबत्त्या सांभाळत तीन कडवी गातात.
सूर चांगला सरळ करून घेतलाय,
गाळलेली पायरी कुणीतरी बसवून दिली आहे.

'निळ्या एडक्या'त अजून पाय घसरतो.
तिथंही तीनच येतात.
पण तिसरं संपलं की कुणी टाळी वाजवत नाही.
ग्लास टेबलावर ठेवतात, आवाज न करता.
बारमागची डोर्कस सुटे पैसे मुठीतच धरते.
म्हातारा ईनॉक बुटाच्या टाचेनं ताल धरतो,
चार ओळींचा,
आणि तिसऱ्या ओळीत, का कोण जाणे, जरा रेंगाळतो.

परवा मी होते तेव्हा
दाराशी एक नर्स रात्रपाळीला निघालेली.
प्रसूतीचा वॉर्ड, बस आठ चाळीसची.
कोटात एकच बाही घातलेली,
दुसरी हवेत लोंबतेय,
आणि ती तशीच उभी,
बस गेली तरी.